उसाची चिठ्ठी आणि कारभाराचे शास्त्र



'व्यवस्थापनशास्त्र' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर शहरातली उंच इमारत येते, आणि तिच्यात टेबलामागे बसलेले साहेब येतात. आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटून कुणी रेडिओचे बटण फिरवू नये, म्हणून मी गोष्ट आपल्या शिवारातूनच सुरू करतो.

पंधरा-सोळा महिन्यांचा ऊस रानात उभा आहे. बांधापलीकडे, आपल्यामागून लावलेल्या उसावर कोयता चालू आहे. आवाज कानावर येतो, वाढे बांधून नेणारी माणसे दिसतात, पण आपल्या रानाची तोडचिठ्ठी काही निघत नाही. चिटबॉयला विचारावे तर तो म्हणतो, "वरून आली नाही." शेतकी अधिकाऱ्यांना गाठावे तर ते म्हणतात, "प्रोग्रॅमप्रमाणे चाललंय." संचालकांच्या ओसरीवर जाऊन बसावे तर चहा मिळतो आणि "बघतो" एवढा शब्द मिळतो. आता मला सांगा, आपला ऊस आज तोडायचा नाही, हा निर्णय नेमका घेतला कोणी?

आपण लगेच कुणाचे तरी नाव घ्याल. कधी ते बरोबरही असेल. पण पुष्कळदा खरे उत्तर असे असते की, एकट्या माणसाने तो घेतलेलाच नसतो. नोंद लिहिताना एकाने लागणीची तारीख टाकलेली असते, दुसऱ्याने टोळ्या कुठल्या गटात उतरवायच्या ते ठरवलेले असते, तिसऱ्याने ओढ्यापलीकडे ट्रक जात नाही असे कळवलेले असते, चौथ्याने काल मिल सहा तास बंद होती म्हणून आजच्या चिठ्ठ्या कमी केलेल्या असतात. या सगळ्यांच्या बेरजेतून आपला ऊस उभा राहिलेला असतो. या बेरजेकडे नीट पाहणारा एक विद्वान विसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव हर्बर्ट सायमन.

सायमनच्या आधी कारभाराचे शास्त्र नव्हते असे नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १९११ साली पुस्तक लिहिले. कामगाराने फावडे कसे धरावे, किती विसावा घ्यावा, हे त्याने घड्याळ लावून मोजले. विचार वरच्याने करायचा आणि हात खालच्याने हलवायचे, अशी त्या शास्त्राची एकंदर रीत होती. पुढे न्यू जर्सीच्या टेलिफोन कंपनीचे प्रमुख चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ साली आपल्या अनुभवावर ग्रंथ लिहिला आणि हुकूम वरून सुटला तरी तो खालच्याने मानला तरच हुकूम ठरतो, हे दाखवून दिले. घरात सून आणलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. पण कंपन्यांना ते कुणीतरी लिहून द्यावे लागले.

सायमन १९१६ साली अमेरिकेत मिलवॉकी या शहरी जन्मला. विशीही न गाठलेला विद्यार्थी असताना, १९३५च्या सुमारास, त्याने आपल्याच गावच्या क्रीडांगणांचा कारभार अभ्यासायला घेतला. शिक्षक मंडळींनी ही हकीकत विशेष लक्ष देऊन ऐकावी. तेथील मुलांची मैदाने दोन खात्यांच्या ताब्यात होती. मैदानाची डागडुजी बांधकाम खात्याकडे, आणि मुलांना खेळवणारे, शिकवणारे लोक शाळा मंडळाकडे. पैसा मर्यादित. मग यंदाचा पैसा मैदान सपाट करण्यावर घालायचा की खेळ घेणाऱ्या माणसावर? सायमनने अर्थशास्त्राच्या वर्गात ऐकले होते की, शेवटचा पैसा जिथे जास्त फळ देईल तिथे घालावा. प्रत्यक्षात पाहतो तर तो हिशेब कुणी मांडतच नव्हते! बांधकाम खात्याच्या लेखी क्रीडांगण म्हणजे जमीन, कुंपण आणि गवत. शाळा मंडळाच्या लेखी क्रीडांगण म्हणजे मुले आणि त्यांचे खेळ. दोघेही प्रामाणिक होते, दोघांनाही मुलांचे बरेच करायचे होते. पण जो माणूस ज्या खात्यात बसतो, त्याला त्या खात्याच्या खिडकीतून दिसेल तेवढेच जग दिसते.

पुढे १९४७ साली सायमनचे प्रशासनावरचे पुस्तक निघाले आणि १९७८ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००१ साली तो वारला. त्याचे म्हणणे साध्या भाषेत सांगायचे तर असे: माणसाची बुद्धी चांगली असली तरी तिला कुंपण आहे. सगळी माहिती त्याच्याजवळ नसते, ती गोळा करायला वेळ नसतो, आणि गोळा झालीच तर एवढ्या गोष्टी एकदम डोक्यात धरता येत नाहीत. तेव्हा 'सर्वांत उत्तम' निर्णय हा कागदावर राहतो. माणूस प्रत्यक्षात 'पुरेसा चांगला' निर्णय घेतो. यासाठी त्याने 'समाधान होणे' आणि 'पुरणे' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे कलम बांधून 'सॅटिस्फायसिंग' असा नवा शब्द केला.

शब्द परका आहे, गोष्ट परकी नाही. आपण बैलबाजारात जातो तेव्हा काय करतो? बाजारातला प्रत्येक बैल काही पाहत नाही. घरून निघतानाच मनाशी ठरवलेले असते: दात एवढे, चाल अशी, खांदा असा, आणि किंमत अमक्यापुढे नाही. या अटींत बसणारा पहिला बैल भेटला की हातावर रुमाल टाकून सौदा करतो. दुपार कलेपर्यंत तसा भेटला नाही, तर एखादी अट जरा सैल करतो. सायमनने सांगितले ते हेच, अटी सैल करण्यासकट. ज्याला बाजारातला सर्वांत उत्तम बैलच पाहिजे असतो तो संध्याकाळी दावे हातात घेऊन घरी येतो.

आता पुन्हा कारखान्याकडे वळू.

समजा दिवसाला २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना आहे. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. म्हणजे रोज चौदाशेच्या आसपास कोयते रानात पाहिजेत. ते पहाटे थंडीत कामाला लागतात, दुपारनंतर गाड्या भरतात, संध्याकाळी अड्ड्यात रांगा लागतात. तोड दिवसा, पण गाळप दिवसरात्र. म्हणून रात्रीच्या चरकासाठी ऊस अड्ड्यात साठवून ठेवावा लागतो. किती साठवायचा? प्रश्न दिसतो लहान, पण सगळा हंगाम त्यावर तोललेला असतो.

चीफ इंजिनिअरला विचारा. त्याचे म्हणणे, गव्हाण क्षणभरही रिकामी पडता कामा नये. मिल थांबली की बॉयलरची वाफ फुकट जाते, चिपाड फुकट जळते आणि पुन्हा सुरळीत चालायला वेळ लागतो. तेव्हा अड्डा भरलेला पाहिजे. आता चीफ केमिस्टला विचारा. तो म्हणेल, तोडलेल्या उसातली साखर बसून राहत नाही. तिचे रूप पालटते आणि मग ती दाणेदार होत नाही. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत चरकात जायला हवा, ऊन वाढले की आणखी लवकर. तेव्हा अड्डा रिकामा असलेला बरा! शेतकी अधिकाऱ्याला वाटते की आणलेल्या टोळ्या एक दिवसही बसून राहू नयेत, कारण मुकादमाला उचल दिलेली आहे. आणि गाडीवानाला वाटते की रांगेत रात्र काढायला लागू नये. बैलांनाही तसेच वाटत असावे. पण त्यांचा कुणी प्रतिनिधी नाही.

मिलवॉकीचे क्रीडांगणच पुन्हा आले म्हणा ना! प्रत्येकजण आपल्या खोलीत बरोबर आहे. आणि म्हणूनच कार्यकारी संचालकाचे काम अवघड आहे. त्याने कधी इंजिनिअरच्या बाजूने आणि कधी केमिस्टच्या बाजूने कौल द्यायचा, असे ते काम नाही. अड्ड्यात रात्री किती टन, कोणत्या महिन्यात किती, गाडी किती तासांपेक्षा जास्त उभी राहिली तर काट्यावरच्या माणसाने कोणाला कळवायचे, मिल चार तासांहून जास्त बंद पडली तर उद्याच्या चिठ्ठ्या कोणी आणि कोणत्या गटातून कमी करायच्या, हे सगळे हंगामाआधी, डोके थंड असताना ठरवून ठेवायचे, हे त्याचे काम आहे. रात्री दोन वाजता मिल थांबली म्हणजे नवा विचार करायला कुणाजवळ वेळ नसतो. तेव्हा हातात नियम असेल तर माणूस नियमाने चालतो. नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या मताने चालतो.

या अड्ड्याच्या प्रश्नात किती पैसा आहे ते थोडे मोजून पाहू. एक लाख टन ऊस गाळला आणि शिळेपणामुळे उतारा नुसता अर्धा टक्का खाली आला, तर ५०० टन, म्हणजे ५,००० क्विंटल साखर गेली. आपला हा कारखाना एक लाख टन चाळीस दिवसांत गाळतो. ही साखर कुणी चोरून नेलेली नसते, म्हणून चौकशी होत नाही.

आता त्या तोडचिठ्ठीचा प्रश्न, जिथून आपण निघालो. कोणाचा ऊस आधी तोडायचा? शास्त्राने उत्तर द्यायचे तर ज्याचा ऊस पक्व झाला त्याचा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि सोळा-अठरा महिने उभा राहतो, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, सुरू बारा, खोडवा त्याच सुमारास. जातही पाहायला हवी: को-सी ६७१ लवकर पिकतो, को ८६०३२ जरा उशिरा. जमीन, पाणी, खत यांनी आणखी फरक पडतो. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स पाहता येते. पण हजारो सभासदांच्या प्रत्येक तुकड्यात दर आठवड्याला जाऊन थेंब कोण पाहणार? सर्वोत्तम क्रम काढायला निघालो तर हंगाम संपून जाईल.

म्हणून सुज्ञ कारखाने 'पुरेसा चांगला' नियम धरतात. जात आणि लागणीचा प्रकार पाहून गट पाडायचे, गटात लागणीच्या तारखेप्रमाणे क्रम लावायचा, आणि काही शेतांचे नमुने घेऊन तो क्रम ठीक आहे ना ते ताडून पाहायचे. या नियमात चुका होतात. एखाद्याचा पिकलेला ऊस चार दिवस मागे पडतो, एखाद्याचा कच्चा पुढे येतो. पण या नियमाचा एक गुण माझ्या मते सगळ्या चुकांना पुरून उरतो: तो फळ्यावर लिहिता येतो. लागणीची तारीख कुठलाही सभासद वाचू शकतो आणि शेजाऱ्याच्या तारखेशी लावून पाहू शकतो. 'साहेबांनी सर्व बाजूंचा विचार करून ठरविले' हे कितीही खरे असले तरी कोणाला ताडून पाहता येत नाही. आणि जे ताडून पाहता येत नाही तिथे संशय आधी शिरतो आणि वशिला त्याच्यामागून.

यात एक खाच आहे, ती सांगितलीच पाहिजे. केंद्र सरकारचा रास्त व किफायतशीर दर २००९ सालापासून आहे आणि तो कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेला आहे. पण उतारा धरतात तो सगळ्या कारखान्याचा सरासरी. आपल्याला पैसे मिळतात ते काट्यावरच्या वजनाचे. म्हणजे माझ्या उसात साखर जास्त असली तरी तिचा वाटा सगळ्यांत वाटला जातो, आणि माझा ऊस कच्चा असला तरी त्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो. मग माझे एकट्याचे हित कशात? ऊस लवकर जावा, रान मोकळे व्हावे, गहू-हरभरा पेरता यावा. म्हणून मी चिठ्ठीसाठी ओसरीवर जाऊन बसतो. मी काही लबाड नसतो. माझ्यापुढे ठेवलेल्या हिशेबाला धरून मी शहाणपणानेच वागतो, आणि आम्ही सगळे तसे शहाणपणाने वागलो की उतारा घसरून सगळ्यांचाच दर कमी होतो. माणसे वाईट वागतात अशी तक्रार करण्याआधी त्यांच्यापुढे कोणता हिशेब ठेवला आहे ते पाहावे.

जळिताचे उदाहरण घ्या. उसाला आग लागली तर तो आधी तोडावा लागतो, नाहीतर वाया जातो. अपवाद न्याय्य आहे. पण जळालेला ऊस आधी जातो हे एकदा कळले की फडाला आगी जास्त लागू लागतात! पाचट जळाल्यावर तोडही सोपी होते. म्हणून जळीत उसाला कपात लावतात. कपात लावली की ज्याच्या रानात खरोखर विजेच्या तारेची ठिणगी पडली त्याच्यावर अन्याय होतो. मग कपात किती, पंचनामा कोणी करायचा, किती तासांत करायचा? अपवाद ठेवला की त्याला दार ठेवावे लागते, आणि दाराशी माणूस. हा माणूस कोण, हे हंगाम सुरू झाल्यावर ठरवले तर उशीर झालेला असतो.

सायमनने आणखी एक फरक केला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. निर्णयात दोन प्रकारची द्रव्ये असतात. एक, 'काय आहे'. दुसरे, 'काय असावे'. उसातली साखर तोडीनंतर किती वेगाने उतरते, हे 'काय आहे' यात मोडते. तिथे मतदान घेऊन उपयोग नाही, केमिस्टचे ऐकावे. पण लहान, अर्ध्या एकराच्या सभासदाचा ऊस मोठ्या सभासदाच्या आधी घ्यावा की नाही, हे 'काय असावे' यात मोडते. ते केमिस्टला विचारून चालणार नाही, ते सभासदांनीच ठरवायला हवे. आपल्या संस्थांत उलटे होताना दिसते. तज्ज्ञाच्या गोष्टीवर सभेत भाषणे होतात, आणि सभेने ठरवायची गोष्ट कुणीतरी कचेरीत परस्पर उरकून टाकतो.

याबाबतीत लोणीचे उदाहरण आठवण्याजोगे आहे. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लोणी गावच्या परिसरात १९५० साली प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यामागे दोन माणसे ठळकपणे दिसतात. विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी. शाळेचे शिक्षण बेताचे, पण १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली होती. दुसरे धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक आणि नामांकित अर्थशास्त्रज्ञ. कारखान्याचे अध्यक्षपद सुरुवातीची वर्षे गाडगिळांकडे होते. शेतकऱ्यांच्या कारखान्याला प्राध्यापक अध्यक्ष! पण त्यात व्यवहार होता. कोणत्या गावचा कोण शब्दाला जागेल, कोण भाग घेईल आणि कोण काठावर उभा राहून पाहील, हे पुण्याच्या ग्रंथालयात कळत नाही. कर्जाचे कागद, भांडवलाची मांडणी आणि सरकारदरबारची भाषा ही नुसत्या बांधावर कळत नाही. ज्याच्याजवळ जी माहिती, त्याच्याकडे तो निर्णय, असे त्या जोडीकडे पाहिले की मला वाटते. पुढे याच राज्यात शेकड्याने सहकारी कारखाने निघाले. त्यांतले काही भरभराटले आणि बरेच आजारी पडून बंद झाले किंवा विकले गेले. प्रत्येकाचे कारण निराळे असेल. पण आजारी कारखान्याच्या जुन्या फायली पाहिल्या तर 'ठराव मंजूर' पुष्कळ सापडतात. तो ठराव कोणत्या माहितीवर केला होता, हे फारच थोड्या ठिकाणी लिहिलेले असते.

वर जाणाऱ्या माहितीचीही एक गंमत असते. चिटबॉय शेतकी अधिकाऱ्याला सांगतो, "थोडा उशीर झालाय." अधिकारी कार्यकारी संचालकांना सांगतात, "बहुतेक वेळेवर आहे." संचालक मंडळापुढे टिपण येते, "तोडणी कार्यक्रम समाधानकारक." कुणीही खोटे बोललेले नाही, प्रत्येकाने नुसती एक धार घासली आहे. म्हणून शब्दांऐवजी आकडा वर गेलेला बरा: तोड ते गाळप सरासरी किती तास. आकड्याची धार घासायला जरा जास्त धैर्य लागते.

शिक्षक मंडळींना यातले काही शाळेत करून पाहता येईल. सहलीचे ठिकाण, स्नेहसंमेलनाचा खर्च, वाचनालयाच्या पुस्तकांची खरेदी, यांपैकी एखादी गोष्ट वरच्या वर्गाकडे सोपवा. आधी अटी लिहायला सांगा, मगच ठिकाणे सुचवायला लावा. उलट क्रमाने केले तर मुले आवडते ठिकाण आधी धरतात आणि अटी त्याच्या मापाने बेततात. थोरांचेही तसेच चालते. निर्णय झाला की त्या दिवशीची कारणे वहीत लिहून तारीख घाला आणि तीन महिन्यांनी ती वही वर्गात वाचा. सहल पावसाने फसली असेल आणि निर्णय तरीही बरोबर असेल. सहल छान झाली असेल आणि निर्णय निव्वळ नशिबाने तरला असेल. हा भेद मुलांना एकदा कळला की ती पुढे कुठल्याही सोसायटीत चांगले सभासद होतील.

आणि ऊस उत्पादक बंधूंनो, आता वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येईल. सभेला जेवण असते, फोटो असतात, हौशी लोकांची भाषणे असतात. आपण उठून दोनच गोष्टी विचारा. गेल्या हंगामात तोडीपासून गव्हाणीपर्यंत ऊस सरासरी किती तास राहिला, महिनावार सांगा. आणि क्रम सोडून किती चिठ्ठ्या निघाल्या, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने, त्याचे रजिस्टर कुठे आहे. अशी वही नसेल तर ती येत्या हंगामापासून गट कचेरीत, सर्वांना दिसेल अशी ठेवावी, असा ठराव त्याच सभेत मांडा. अनुमोदनाला शेजारी आधीच तयार करून न्या. वहीला चार रकाने पुरतात: तारीख, शेताचा नोंद क्रमांक, कारण, सही. लिहायचे काम चिटबॉयकडेच द्या. चिठ्ठी कुणाच्या सांगण्यावरून फिरली ते त्याला सगळ्यांत आधी कळते, आणि आजवर ते त्याला कुणी लिहायला सांगितलेले नाही.